पोलो १.० टीएसआय : कॅट-बॅक एक्झॉस्टने चाकांवर नेमकं किती वाढतं? (डायनोच्या आकड्यांसह)

बोरिवलीची_पोलो (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी.

मुंबईत एक्झॉस्ट बदलणारे भरपूर आहेत, मोजणारे फार थोडे. 'गाडी मोकळी झाली', 'पिकअप सुटला' एवढ्या भरवशावर लोक हजारो रुपये घालतात. आवाज वाढला की वेग वाढल्यासारखा वाटतोच, त्यामुळे ड्रायव्हिंग सीटवर बसून केलेला अंदाज मी पुरावा मानत नाही. म्हणून ऑर्डर देण्याआधी मोजायचं ठरवलं.

गाडी २०२१ ची पोलो, १.० टीएसआय (टर्बो पेट्रोल), सहा गिअर मॅन्युअल, इंजिनला हात लावलेला नाही. कंपनीचा दावा ११० पीएस आणि १७५ न्यूटन-मीटर. पीएस आणि बीएचपी यांची गल्लत होते, म्हणून आधीच सांगतो: ११० पीएस म्हणजे साधारण १०८.५ बीएचपी, आणि तेही इंजिनच्या क्रँकवर. डायनो, म्हणजे गाडी रोलरवर पळवून ताकद मोजणारं यंत्र, मोजतो ती चाकांपर्यंत पोचलेली ताकद. खालचे सगळे आकडे चाकांवरचे बीएचपी आहेत.

एका मित्राकडे याच मॉडेलसाठी बनवलेला सव्वादोन इंची स्टेनलेस कॅट-बॅक आहे. कॅट-बॅक म्हणजे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धूर स्वच्छ करणारा भाग) जागच्या जागी ठेवून त्याच्या मागचा पाइप, रेझोनेटर (घुमणारा आवाज मारणारा डबा) आणि सायलेन्सर बदलायचा. त्याने तो एका दिवसासाठी दिला. सकाळी कंपनीच्या सायलेन्सरवर रन घेतले, तिथेच गाडी लिफ्टवर चढवून पाइप बदलला आणि त्याच रोलरवर पुन्हा रन घेतले. चौथा गिअर, चारही टायरमध्ये सारखी हवा, पट्ट्यांचा ताण तोच, टाकीतलं पेट्रोल तेच. दोन रनच्या मध्ये पंखा लावून गाडी थंड होऊ दिली.

कंपनीचा एक्झॉस्ट: ९७.१, ९८.४, ९७.८. सरासरी ९७.८.
कॅट-बॅक: ९८.६, ९९.५, ९८.९. सरासरी ९९.०.

वाढ १.२ बीएचपी. आता वरची ओळ पुन्हा बघा: काहीही न बदलता घेतलेल्या तीन रनमध्येच १.३ चा फरक आहे. म्हणजे जी वाढ दिसते ती मोजमापाच्या हेलकाव्याएवढीच आहे. ग्राफवर २००० आरपीएमच्या आसपास टॉर्क किंचित लवकर चढलेला दिसला, पण तिथेही मी छातीठोकपणे काही सांगणार नाही.

या इंजिनात हे असंच व्हायला हवं, असं माझं मत आहे. का ते पुढे लिहितो. आधी तुमचे अनुभव येऊ द्या.

---

घाटमाथा_पुणे

धाग्यासाठी धन्यवाद. आकडे इतके स्वच्छ मांडलेले क्वचित दिसतात.

माझ्याकडेही हीच गाडी, हेच इंजिन. पुण्यात डायनोवर घातली तेव्हा १०६ आले, एकही बदल न करता. तुमची ९८ का? गाडीत काही बिघाड तर नाही ना? कॉइल, प्लग, एअर फिल्टर एकदा बघून घ्या, दादा. दुसरं, पंधरा टक्के तोटा धरून उलटं गणित केलं तर तुमची क्रँकवर ११५ येते आणि माझी जवळपास १२५.

---

मास्तर_ठाणे

दोघांच्याही गाड्या ठणठणीत असण्याची शक्यता जास्त आहे. फरक यंत्रात आणि हवेत शोधा.

आधी हवा. डायनोचं सॉफ्टवेअर कच्चा आकडा दाखवत नाही, तो हवामानाच्या गुणकाने गुणून दाखवतं. एसएई जे-१३४९ या पद्धतीत प्रमाण हवा म्हणजे २५ अंश तापमान आणि कोरड्या हवेचा ९९ किलोपास्कल दाब. 'कोरड्या' हा शब्द मुंबईत फार महत्त्वाचा आहे. जूनमध्ये ३२ अंश आणि ७५ टक्के आर्द्रता असेल तर हवेतला जवळपास साडेतीन टक्के दाब नुसत्या वाफेचा असतो. वाफ सिलिंडरमध्ये जागा अडवते, जळायला मात्र मदत करत नाही. अशा दिवशी गुणक १.०४ च्या आसपास येतो. जानेवारीत २० अंशाची कोरडी सकाळ असेल तर तोच गुणक ०.९८ पर्यंत उतरतो. गुणक न लावता मोजलं, तर शंभर बीएचपीच्या साध्या, टर्बो नसलेल्या गाडीत ऋतूमुळे सहा बीएचपीचा फरक पडेल. एक्झॉस्टमधून मिळालेली वाढ त्यात पार बुडून जाईल.

आता पुणे. समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या वर, त्यामुळे हवेचा दाब मुंबईपेक्षा सहा-साडेसहा टक्के कमी. तिथे गुणक सहज १.०७ येतो. साध्या इंजिनाला तो न्याय्य आहे, कारण त्याला खरंच तेवढी हवा कमी मिळते. टर्बोचं तसं नसतं. ईसीयू (इंजिन चालवणारा संगणक) ठरलेला बूस्ट (टर्बोने हवेला दिलेला दाब) गाठण्यासाठी टर्बोला जास्त फिरवतो आणि उंचीची तूट बरीचशी भरून काढतो. तूट आधीच भरलेली, वर सॉफ्टवेअर सात टक्के आणखी चढवतं. घाटमाथा, तुमच्या १०६ मधला मोठा हिस्सा इथून आलेला असू शकतो. डायनोवाल्याकडे गुणक न लावलेला कच्चा आकडा मागा, फाइलमध्ये तो असतोच.

पंधरा टक्क्यांच्या उलट्या गणिताबद्दल: गिअरबॉक्स, डिफरन्शियल आणि टायर यांचा तोटा सरसकट एका टक्केवारीत बसत नाही. काही भाग वेगाबरोबर वाढतो, काही भार वाढला की वाढतो. पट्टे जास्त आवळले तर टायर रोलरवर जास्त दबतो आणि तोटा तिथेच वाढतो. त्यामुळे चाकांवरचा आकडा चाकांवरचाच राहू द्यावा. त्याला गुणून क्रँकचा आकडा काढला की तो आपल्या मनाचा होतो.

---

घाटमाथा_पुणे

मास्तर, फाइल मागवली. गुणक १.०६८. कच्चा आकडा ९९.३.

---

मास्तर_ठाणे

म्हणजे दोन्ही गाड्या जवळजवळ सारख्या. रोलर वेगळे असूनही इतकं जुळणं चांगलंच म्हणायचं. तरी दोन वेगळ्या डायनोंची तुलना सवयीने करू नये. फक्त जड ड्रम फिरवून प्रवेगावरून ताकद काढणारा इनर्शिया डायनो आणि ब्रेकसारखा भार लावणारा डायनो एकाच गाडीचे वेगळे आकडे देतात. इनर्शिया प्रकारात तर जड अलॉय टाकले तरी आकडा उतरतो, कारण ती चाकं फिरवायलाही ताकद लागते.

ग्राफ खरा आहे का हे तपासायची एक सोपी युक्ती सगळ्यांसाठी देतो. कुठल्याही बिंदूवर टॉर्क न्यूटन-मीटरमध्ये घ्या, आरपीएमने गुणा, ७१२१ ने भागा. बीएचपी यायलाच हवेत. धागाकर्त्यांचा कमाल बिंदू कुठे आहे?

---

बोरिवलीची_पोलो

५०५० आरपीएमला १३८ न्यूटन-मीटर. गुणून भागलं की ९७.९. जुळतंय, मास्तर.

आता राहिलेलं कारण. हे ईए२११ घराण्यातलं तीन सिलिंडरचं इंजिन. यात एक्झॉस्ट मॅनिफोल्ड (सगळ्या सिलिंडरचा गॅस एकत्र आणणारा भाग) वेगळा नसतो, तो सिलिंडर हेडमध्येच ओतलेला आहे. हेडला लागून टर्बो, त्यानंतर कॅट. म्हणजे 'हेडर टाका' (मॅनिफोल्डच्या जागी मोकळ्या नळ्या बसवा) हा सल्ला इथे लागूच होत नाही. टर्बोच्या मागे अडथळा कमी केला तर टर्बाइनला फायदा होतो हे खरं, पण ईसीयू टॉर्कच्या हिशोबाने चालतो. पेडल पूर्ण दाबलं की तो ठरवतो, एवढा टॉर्क हवा, त्यासाठी एवढी हवा, त्यासाठी एवढा बूस्ट. तो बूस्ट गाठला की उरलेला एक्झॉस्ट गॅस वेस्टगेटमधून (टर्बोला वळसा देणाऱ्या झडपेतून) बाहेर. दोन्ही वेळचा लॉग मी ओबीडीतून (गाडीच्या तपासणी सॉकेटमधून) घेतला होता. ४५०० आरपीएमला बूस्ट दोन्हीकडे तोच. फरक इतकाच, की कॅट-बॅक असताना वेस्टगेट थोडा जास्त उघडा होता. पाइपने मोकळी केलेली जागा ईसीयूने वेस्टगेटमधून परत केली. रिमॅप करून, म्हणजे ईसीयूचं सॉफ्टवेअर बदलून, टॉर्कची मर्यादा वाढवली तरच ती जागा उपयोगी पडेल.

---

पाइपवाला_कुर्ला

नमस्कार. सीएसटी रोडला पाइपचं काम करत आयुष्य गेलं. वाचून बरं वाटलं, म्हणून लिहितो.

कॅट-बॅक बनवायच्या आधी मी गिऱ्हाइकाला एक गोष्ट सांगतो. कॅटच्या मागे जो ऑक्सिजन सेन्सर असतो, तो काढून त्याच्या भोकात प्रेशर गेज जोडा. गॅस तापलेला असतो, म्हणून भोकाला आधी तांब्याची नळी, तिचे चार-पाच वेढे, मग रबरी नळी आणि काचेजवळ गेज. पूर्ण पेडलवर वरच्या आरपीएमपर्यंत गाडी खेचा, तीही डायनोवरच, रस्त्यावर नको. गेजवर एक-दीड पीएसआय दाखवत असेल तर मागच्या पाइपात काढण्यासारखं काही नाही, तुमचे पैसे वाचले. पाच-सहा दाखवत असेल तर मागे कुठेतरी खरंच घुसमट आहे. तेव्हा आधी बघायचं, सायलेन्सर आतून गंजून कोसळलाय का, पाइप कुठे आपटून चेपलाय का. जुन्या गाड्यांत नवीन सायलेन्सर बसवल्यावर जी 'ताकद वाढली' म्हणतात, ती बहुतेक वेळा हरवलेली परत मिळालेली असते.

मुंबईत सायलेन्सर आतून लवकर सडतो, हेही सांगून ठेवतो. पेट्रोल जळताना पाणी तयार होतं. अंधेरी ते सांताक्रूझ एवढ्यात पाइप नीट तापत नाही, पाणी आतच साठतं. वर समुद्राची खारी हवा. म्हणून बदलायचाच असेल तर ३०४ ग्रेडचं स्टेनलेस घ्या. ४०९ स्वस्त पडतं, पण त्यावर तांबूस गंज धरतो. वाकण मँड्रेल मशिनवरचं (पाइपाला आतून आधार देऊन वाकवणाऱ्या) हवं. साध्या बेंडरवर पाइप वळणात चपटा होतो, सव्वादोन इंचाचा तिथे दोन इंचही उरत नाही. पूर्वी आम्ही पाइपात वाळू ठासून भरायचो आणि गरम करून वाकवायचो, त्याने वळण गोल राहायचं. आता तेवढा वेळ कोणी देत नाही. वेल्डिंग टिगचं, आणि आतूनही आर्गॉन सोडून केलेलं. नाहीतर आतल्या बाजूला सांध्यावर खडबडीत काळा थर बसतो.

---

नवी_स्विफ्ट

काका, माझी स्विफ्ट १.२ पेट्रोल आहे, टर्बो नाही. मग माझ्या गाडीत हेडर आणि फ्री-फ्लो (मोकळा सायलेन्सर) टाकून फरक पडेल का? गॅरेजमध्ये सांगितलं की थोडं बॅक प्रेशर लागतंच, नाहीतर टॉर्क जातो.

---

पाइपवाला_कुर्ला

फरक पडेल, पण ८३ पीएसच्या गाडीत पडून पडून किती पडणार? बॅक प्रेशर इंजिनाला कधीच नको असतं, बाळा. हवा असतो तो गॅसचा वेग. पाइप गरजेपेक्षा मोठा घातला की गॅस मंदावतो, आणि खालचा टॉर्क त्याने जातो. लोकांनी मोठा पाइप बघितला, टॉर्क गेलेला बघितला आणि दोष दिला दाब कमी झाल्याला. तुझ्या गाडीला पावणेदोन, फार तर दोन इंच. अडीच इंच कोणी सुचवला तर उठून ये.

---

मास्तर_ठाणे

काकांच्या उत्तरात थोडी भर. साध्या इंजिनात हेडरचं काम नळ्यांच्या लांबीवर चालतं. एका सिलिंडरमधून सुटलेला गॅसचा झोत आपल्यामागे कमी दाबाची लाट सोडतो. ती लाट दुसऱ्या सिलिंडरचा व्हॉल्व्ह बंद होता होता तिथे पोचली तर उरलासुरला जळलेला गॅस ओढून काढते, त्या जागी जास्त ताजी हवा येते. चार सिलिंडरचा फायरिंग क्रम १-३-४-२ असतो, म्हणून ४-२-१ हेडरमध्ये एक आणि चार, दोन आणि तीन अशा जोड्या लावतात. त्याने मधल्या आरपीएमला चांगला टॉर्क मिळतो. ४-१ चा फायदा वरच्या टोकाला. शहरात ४-२-१ बरा. पण ही लाट वेळेवर पोचते ती एका ठराविक आरपीएम पट्ट्यातच, त्यामुळे एकीकडे मिळवलं की दुसरीकडे थोडं द्यावं लागतं. म्हणून फक्त कमाल आकडा विचारू नका, पूर्ण ग्राफ मागा. तुम्ही रोज २००० ते ३५०० मध्ये गाडी चालवता, ६००० ला नाही.

आणखी एक. डायनोवर हवा-इंधन गुणोत्तरही मोजून घ्या, वाइडबँड सेन्सर लावून. आता पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असतं. शुद्ध पेट्रोलचं आदर्श गुणोत्तर १४.७, या मिश्रणाचं १३.५ च्या जवळ. जुन्या सवयीने आकडे वाचले तर चुकीचा निष्कर्ष निघतो. लॅम्डा वाचा, म्हणजे मोजलेलं गुणोत्तर भागिले त्या इंधनाचं आदर्श गुणोत्तर; आदर्श मिश्रणाला तो कुठल्याही इंधनात एकच असतो.

---

ब्रीच_कँडी_रहिवासी

मी गाड्यांमधलं काही जाणत नाही. मुलाने हा धागा दाखवला म्हणून सदस्य झाले. मार्च २०२४ मध्ये कोस्टल रोड सुरू झाला, आणि हल्ली तिथून रात्री उशिरा फटाक्यांसारखे आवाज काढत गाड्या जातात. घरात सासूबाई आजारी असतात, दचकून उठतात. तुमची ही चर्चा शांत आहे, अभ्यासाची आहे. म्हणूनच विचारते: ताकद वाढवण्यासाठी आवाज वाढवावाच लागतो का?

---

बोरिवलीची_पोलो

ताई, अजिबात नाही. वरचे आकडेच सांगतात की आवाज वाढला आणि ताकद जवळपास तिथेच राहिली. ते फटाके बहुतेक मुद्दाम करवलेले असतात. पाय उचलल्यावर ईसीयू थोडं इंधन उशिरा जाळतो आणि ते एक्झॉस्टमध्ये फुटतं. त्याने गाडी तसूभरही जोरात पळत नाही, उलट कॅट तापून खराब होतो. तुमचा त्रास खरा आहे, आणि तो इथे लिहिलात हे बरं केलंत.

---

काळा_कोट

कायद्याची बाजू नोंदवून ठेवतो, कारण 'कॅट ठेवला की चालतं' असा समज पसरलेला आहे.

मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलांपासून वेगळा होईल असा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच अधोरेखित केलं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १८२-अ मध्ये मालकाने केलेल्या प्रत्येक बेकायदा बदलाला पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद आहे. आवाज आणि धुराच्या मर्यादा मोडल्या तर कलम १९०(२), पहिल्या गुन्ह्याला दहा हजारांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, आणि परवाना तीन महिने बाद. प्रवासी कारला मान्यता देतानाच्या चाचणीत आवाजाची मर्यादा ७४ डेसिबल आहे. मुंबईत जप्त केलेले सायलेन्सर पोलिसांनी रोडरोलरखाली चिरडल्याचे फोटो सगळ्यांनी पाहिले असतील.

कॅट काढणाऱ्यांसाठी वेगळं सांगतो: पीयूसीत बीएस-४ आणि त्यापुढच्या पेट्रोल कारला निष्क्रिय चालीवर कार्बन मोनॉक्साइड ०.३ टक्के आणि हायड्रोकार्बन २०० पीपीएम एवढीच मुभा आहे. कॅटशिवाय ते जमणं कठीण. शिवाय अपघात झाला तर विमा कंपनीला हरकत घ्यायला जागा मिळते.

---

घाटमाथा_पुणे

कोटसाहेब, महत्त्वाची माहिती. धागाकर्ते, मग तुम्ही पाइप कशासाठी घेणार होतात? आणि केबिनमधली घूंघूं कितपत होती?

---

बोरिवलीची_पोलो

अँबी व्हॅलीच्या धावपट्टीवर ड्रॅग शर्यत भरते, तिथे उतरायची इच्छा आहे. रस्त्यावर कंपनीचाच सायलेन्सर राहणार, हे आधीपासून ठरलेलं होतं.

घूंघूं भरपूर. डायनोवरून मित्राच्या गॅरेजपर्यंत जाताना २४०० आरपीएमच्या आसपास कान बधिर व्हायचे. तीन सिलिंडरमध्ये क्रँकच्या दोन फेऱ्यांत तीन स्फोट होतात, म्हणजे २४०० ला सेकंदाला ६०. तो ६० हर्ट्झचा सूर बंद डब्यात घुमतो. मारायचा तर पाइपाला बंद तोंडाची फांदी जोडावी लागते, तिची लांबी लाटेच्या पाव भागाएवढी. गरम गॅसमध्ये आवाजाचा वेग ४७० मीटर धरला तर ती फांदी दोन मीटरच्या जवळ जाते. पोलोखाली ती ठेवायला जागा कुठे आहे? कंपनीचा मधला रेझोनेटर काढून टाकणाऱ्यांनी हे गणित आधी करावं.

---

पाइपवाला_कुर्ला

बरोबर. मी तर मधला रेझोनेटर काढायला येणाऱ्याला परत पाठवतो. मागून येऊन 'आवाज कमी करून द्या' म्हणतात, तेव्हा दुप्पट खर्च होतो.

गेज लावून बघितलात का?

---

बोरिवलीची_पोलो

काल लावला, काका. तुम्ही सांगितलंत तशीच तांब्याची नळी गुंडाळून, त्याच डायनोवर. कंपनीच्या सायलेन्सरवर ५५०० आरपीएमला कमाल १.६ पीएसआय. सेन्सर काढल्यामुळे इंजिनचा दिवा लागला होता, सेन्सर परत बसवून कोड पुसला.

ऑर्डर देत नाही. मित्राचा पाइप पुसून परत केला. त्या पैशातून शर्यतीसाठी पुढचे दोन चांगले टायर घेतोय. पहिल्या गिअरमध्ये चाकं जागच्या जागी फिरतात, ती ताकद आधीच वाया जातेय. डायनोच्या सहाही रनच्या फाइली, कच्च्या आकड्यांसकट, कोणाला हव्या असतील तर व्यक्तिगत निरोप करा. घाटमाथा, तुमची फाइलही देणार असाल तर दोन्ही ग्राफ एकावर एक ठेवून इथे टाकतो.

---

घाटमाथा_पुणे

पाठवली. माझ्या रनला टायरमध्ये ३३ पीएसआय होते आणि गिअर चौथाच, तेवढं ग्राफखाली लिहा.